कालश्रेणीचे खंडशः आलेखन

कालश्रेणीचे खंडशः आलेखन : एखाद्या राशीची ठराविक कालांतराने घेतलेली व कालक्रमाने मांडलेली मूल्ये म्हणजे कालश्रेणी होय. रोजचा पाऊस, दर तासाचे तापमान, बाजारातील साप्ताहिक भाव, दर वर्षीचे पीक ही तिची परिचित उदाहरणे आहेत. श्रेणी दीर्घ असल्यास ती एकाच सलग आलेखात न दाखविता तिचे लहान लहान खंड पाडतात आणि ते खंड समान मापप्रमाणावर एकाखाली एक काढतात. या पद्धतीस खंडशः आलेखन म्हणतात. वरवर पाहता हा केवळ जागेच्या सोयीचा प्रश्न वाटतो. तथापि खंड कोठे व किती लांबीचे पाडले यावर श्रेणीतील कोणती गोष्ट डोळ्यांस दिसेल व कोणती झाकली जाईल हे अवलंबून असते. पर्जन्यमानाच्या बाबतीत तर दुष्काळ ओळखला जाणे किंवा न जाणेही त्यावर ठरू शकते. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा इतिहास मुख्यतः महाराष्ट्रातील पर्जन्यनोंदींच्या, आणि त्यांतही सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या उदाहरणाने दिला आहे.

स्वरूप व गरज : माळशिरस तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तालुक्याच्या उत्तरेकडून नीरा नदी वाहते व ईशान्य कोपऱ्याजवळ ती भीमेस मिळते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सामान्यतः ५० ते ७० सेंमी. पाऊस पडतो, पश्चिमेकडील माळशिरस व सांगोले या भागांत तो तुलनेने कमी असतो. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबर महिन्यात पडतो आणि कोरडवाहू शेतीचा मुख्य आधार रब्बी ज्वारी हा असतो. त्यामुळे वर्षभरात एकूण पाऊस किती पडला याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो केव्हा पडला याला येथे महत्त्व आहे.

अशा ठिकाणची रोजच्या पावसाची नोंद १८७५ पासून २०२४ पर्यंत १५० वर्षे सलग उपलब्ध आहे असे क्षणभर मानले, तर तीत ५४,७८७ दिवसांची मूल्ये येतील. पुस्तकाच्या पानावर आलेखासाठी १५ सेंमी. रुंदी मिळते असे धरल्यास एका वर्षाच्या वाट्यास केवळ १ मिमी. जागा येते. त्या एका मिलिमीटरात ३६५ उभ्या रेषा एकमेकींवर चढतात व आलेखाच्या जागी शाईचा काळा पट्टा उमटतो. या पट्ट्याच्या माथ्यावरून अतिवृष्टीचे दिवस तेवढे ओळखता येतात. कोरडे दिवस मात्र पूर्णपणे बुजून जातात. आलेख दहा वर्षांच्या पंधरा खंडांत काढल्यास एका वर्षास १५ मिमी. जागा मिळते व पावसाळा आणि उन्हाळा वेगवेगळे दिसू लागतात. प्रत्येक वर्षाचे जून ते सप्टेंबर हे १२२ दिवसच घेऊन ते पानाच्या पूर्ण रुंदीवर मांडले, तर एका दिवसास सु. १·२ मिमी. जागा मिळते व दोन पावसांमधील उघडीप मोजता येते. श्रेणी एकच असली, तरी पहिल्या आलेखात महापूर, दुसऱ्यात ऋतू आणि तिसऱ्यात पावसाचा खंड दिसतो. दुष्काळाच्या दृष्टीने यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे.

पारंपरिक कालविभागणी : दीर्घ काळाचे तुकडे पाडून ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची कल्पना सांख्यिकीच्या पूर्वीची आहे. महाराष्ट्रातील शेतकरी पावसाळ्याचे खंड सूर्यनक्षत्रांनुसार पाडत आला आहे. सूर्य एका नक्षत्रात सु. साडेतेरा दिवस असतो. मृगापासून स्वातीपर्यंतच्या अकरा नक्षत्रांनी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंतचा काळ व्यापला जातो. पुनर्वसूच्या पावसास ‘तरणा’ व पुष्याच्या पावसास ‘म्हातारा’ अशी नावे आहेत. सोलापूरकडील ज्वारीची पेरणी उत्तरा व हस्त या नक्षत्रांच्या आसपास होते. यंदाच्या हस्ताची गेल्या वर्षीच्या हस्ताशी तुलना करणारा शेतकरी नकळत खंडशः आलेखनाचेच तत्त्व वापरतो. फक्त आलेख कागदावर नसून स्मरणात असतो. आधुनिक कृषिहवामानशास्त्रात याच हेतूने वर्षाचे ५२ प्रमाण आठवडे केले आहेत. १ ते ७ जानेवारी हा पहिला आठवडा असतो. शेवटचा, ५२ वा आठवडा आठ दिवसांचा असतो आणि प्लुत वर्षी (लीप वर्षी) नववा आठवडाही आठ दिवसांचा धरतात.

कोणत्या प्रश्नास कोणता खंड योग्य हे मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते. माळशिरस हे आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव आहे. वारीच्या दिवसांत येथे पाऊस किती पडतो, असा प्रश्न असल्यास श्रेणीचे खंड तिथीनुसार पाडणे भाग आहे. आषाढी एकादशी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत मागेपुढे होत असल्याने इंग्रजी तारखेनुसार पाडलेल्या खंडांतून हे उत्तर मिळणार नाही. उलट पेरणीचा प्रश्न चांद्र महिन्यांनी पाहिल्यास अधिक मासामुळे पावसाळाच पुढेमागे सरकल्याचा भास होईल. सूर्यनक्षत्रांची विभागणी पेरणीस सोयीची असली, तरी तीही सर्वस्वी स्थिर नाही. संपातचलनामुळे नक्षत्रप्रवेशाची तारीख ऋतूंच्या तुलनेने सु. ७१ वर्षांत एक दिवस पुढे जाते. शेतकऱ्याच्या व्यवहारात हा फरक नगण्य आहे. दीड शतकाच्या श्रेणीत मात्र तो दोन दिवसांचा होतो व लक्षात ठेवावा लागतो.

आलेखनाचा पूर्वेतिहास : क्षितिजसमांतर अक्षावर काल व उभ्या अक्षावर राशी मांडण्याचा ज्ञात असलेला एक अतिप्राचीन नमुना यूरोपातील दहाव्या–अकराव्या शतकातील एका हस्तलिखितात आढळतो. त्यात ग्रहांच्या गतींचे वक्र चौकटीच्या कागदासारख्या जाळीवर काढलेले आहेत. अठराव्या शतकात योहान हाइन्रिख लाम्बेर्ट (१७२८–७७) यांनी तापमानाच्या अभ्यासात अशा वक्रांचा उपयोग केला. विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या कालश्रेणी रेषांनी दाखविल्या व ही पद्धत अर्थशास्त्रात रुजविली. प्लेफेअर यांच्या श्रेणी वार्षिक व सु. शतकभराच्या होत्या, त्यामुळे त्या एका पानावर सहज मावत. दर दिवसाची किंवा दर तासाची निरीक्षणे साचू लागली, तेव्हा श्रेणी विभागण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला.

डच हवामानशास्त्रज्ञ सी. एच. डी. बॉइस बॅलॉट (१८१७–९०) यांनी १८४७ मध्ये यासाठी एक साधी युक्ती वापरली. ज्या कालावधीचे चक्र श्रेणीत असावे असा संशय असेल, तेवढ्याच लांबीच्या ओळी पाडून त्यांनी निरीक्षणे एकाखाली एक लिहिली. चक्र खरोखरच असल्यास उच्च मूल्ये एकाच स्तंभात येतात. नसल्यास ती विखुरतात. आजच्या खंडशः आलेखनाचे गणिती बीज या कोष्टकात आहे. परंतु याच युक्तीने चकवाही होऊ शकतो, याचा प्रत्यय लवकरच भारतातील पर्जन्यनोंदींत आला.

दुष्काळ व अकरा वर्षांचे खंड : सूर्यावरील डागांची संख्या सु. अकरा वर्षांच्या चक्राने कमीजास्त होते, हे हाइन्रिख श्वाबे (१७८९–१८७५) यांनी १८४३ मध्ये दाखविले होते. १८७६ मध्ये दख्खनमध्ये मोसमी पाऊस अपुरा पडून १८७६–७८ चा भीषण दुष्काळ ओढवला. या पार्श्वभूमीवर डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रास येथील १८१३ पासूनच्या पर्जन्यनोंदींचे अकरा वर्षांचे खंड पाडले व ते एकावर एक ठेवून डागांच्या नीचतम काळी पाऊस कमी पडतो असे प्रतिपादन केले. दुष्काळाचे भाकीत वर्तविता येईल, ही आशा त्यामागे होती. परंतु मद्रासला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, तर दख्खनला तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. शिवाय साठ-पासष्ट वर्षांत अकरा वर्षांचे जेमतेम सहा खंड होतात. एवढ्या थोड्या खंडांच्या माध्यांत दिसणारी लाट योगायोगानेही उमटू शकते. पुढील नोंदींनी या नियमास भरीव पुष्टी दिली नाही आणि भाकिताचे साधन म्हणून तो टिकला नाही. खंडांची लांबी अपेक्षित उत्तरावरून ठरविली, तर आलेख ते उत्तर परत देतो, हा या प्रकरणाचा बोध आहे.

भारतातील पर्जन्यनोंदींचे संकलन : भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली व हेन्री ब्लॅनफर्ड (१८३४–९३) हे त्याचे पहिले प्रमुख झाले. देशभर विखुरलेल्या पर्जन्यनोंदी एका पद्धतीखाली आणण्याचे काम त्यांनी केले. मुंबई इलाख्यात तालुक्याच्या ठिकाणी मामलेदार कचेरीत पर्जन्यमापक बसविलेला असे व महसूल खात्याचे कर्मचारी रोज सकाळी पाऊस मोजून त्याची नोंद करीत. भारतात प्रचारात आलेल्या सायमन्स पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास १२७ मिमी. असून त्याची कड जमिनीपासून ३० सेंमी. उंच ठेवतात. सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस हा मागील २४ तासांचा धरला जातो, व ज्या दिवशी तो २·५ मिमी. किंवा अधिक असेल त्या दिवसास पावसाळी दिवस म्हणतात.

गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) हे १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख होते. १८९६–९७ व १८९९–१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनंतर भारताचे हवामान कायमचे कोरडे होत चालले आहे काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला होता. वॉकर यांनी १९१० मध्ये १८४१ पासूनच्या नोंदींचा परामर्श घेऊन अशा कायम बदलास पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. दुष्काळाची वर्षे श्रेणीच्या शेवटी आल्यामुळे उतरता कल दिसत होता. श्रेणी मागे वाढविताच तो पुसट झाला. १९५३ मध्ये एस. के. प्रामाणिक व पी. जगन्नाथन यांनी अनेक ठिकाणच्या पर्जन्यश्रेणींचा याच दृष्टीने अभ्यास केला. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले होते. पुढे १९६२ मध्ये पुण्यात उष्ण कटिबंधीय हवामानाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. या संस्थेतील बी. पार्थसारथी व त्यांचे सहकारी यांनी ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या आधारे १८७१ पासूनची अखिल भारतीय मोसमी पर्जन्याची एकजिनसी श्रेणी तयार केली. तिचे सु. तीस वर्षांचे खंड पाहिल्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दुष्काळ वारंवार पडलेले, त्यापुढील तीन दशकांत ते विरळ झालेले व १९६० नंतर पुन्हा वाढलेले दिसतात. सलग वार्षिक आलेखात ही युगे सहजासहजी लक्षात येत नाहीत.

पूरनियंत्रणाच्या क्षेत्रातही दीर्घ नोंदींच्या अभ्यासाने मोठे निर्णय बदलले आहेत. ओरिसात १९२६ मध्ये आलेल्या ब्राह्मणी नदीच्या पुरानंतर नदीचे पात्र गाळाने उंच झाले, असा अभियंत्यांचा समज होता. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी सु. साठ वर्षांच्या पाऊस व पूर यांच्या नोंदी तपासून पात्राची उंची वाढल्याचे दिसत नाही, असे दाखविले. त्यामुळे पात्र उंच झाले या समजावर आधारलेल्या बंधारे उंच करण्याच्या उपायाचा पायाच ढासळला.

स्वयंलेखी उपकरणे : निरीक्षकाऐवजी उपकरणच आलेख काढू लागले, तेव्हा खंडांची लांबी यंत्ररचनेने ठरविली. स्वयंलेखी पर्जन्यमापकात घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणाऱ्या पंचपात्रावर कागद गुंडाळलेला असतो व तरंगकास जोडलेली लेखणी त्यावर रेषा काढते. पंचपात्राचा एक फेरा २४ तासांत पूर्ण होतो. म्हणून कागद रोज बदलावा लागतो. १० मिमी. पाऊस साठला की वक्रनलिकेच्या क्रियेने पाणी आपोआप उपसले जाते व लेखणी एकदम शून्यावर येते. अशा रीतीने येथे काळ दिवसात व पाऊस दहा मिलिमीटरांत, असे दोन्ही अक्षांवर खंड पडतात. पाऊस नसताना रेषा आडवी राहते. मुसळधार पावसात ती करवतीच्या दातांसारखी दिसते. तापमापकांच्या स्वयंलेखी उपकरणांत बहुधा आठवड्याचा कागद वापरतात. असे हजारो कागद गठ्ठ्यांत बांधून ठेवले जात. त्यांवरून तासागणिक आकडे वाचून काढणे हे हवामान कार्यालयांतील लेखनिकांचे मोठे काम असे.

योग्य लांबीचा खंड निवडल्यास किती माहिती हाती लागते, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिळते. तेथे १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होत. नानाभाई मूस (१८५९–१९३६) यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. १९०४ मध्ये विजेच्या ट्रामगाड्यांच्या व्यत्ययामुळे ही निरीक्षणे अलिबाग येथे हलविण्यात आली होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी झालेल्या प्रचंड भूचुंबकीय वादळाच्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी थोड्या थोड्या मिनिटांनी वाचने घेतली होती. साठ वर्षांच्या सलग आलेखात हे वादळ म्हणजे एक उभी रेघ ठरले असते. परंतु त्या काही तासांचाच खंड घेऊन आलेख काढल्यावर क्षैतिज चुंबकीय तीव्रता सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घसरून पुन्हा कशी सावरली, हे स्पष्ट होते. २००३ मध्ये बी. टी. सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लखिना व त्यांचे सहकारी यांनी याच नोंदींवरून त्या वादळाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या वाचनांना त्यामुळे नवे मोल आले.

संगणकीय आलेखन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकडेमोडीबरोबर आलेखनही संगणकाकडे गेले. आरंभीच्या ओळीमुद्रकांवर काळ उभ्या दिशेने व मूल्य आडव्या दिशेने, चांदण्यांच्या खुणांनी छापीत. घडीचा कागद सलग असल्याने श्रेणी कितीही लांब असली तरी मावे. परंतु ती पाहण्यासाठी कागद जमिनीवर पसरावा लागे. मिनिटॅब (१९७२) यासारखी सांख्यिकीय सॉफ्टवेअर शिक्षणात व संशोधनात रूढ झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये ‘एस’ ही सांख्यिकीय भाषा तयार झाली. तिच्या धर्तीवर रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात ‘आर’ ही भाषा रचली. तिची पहिली परिपूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ही भाषा विनामूल्य असल्यामुळे भारतातील विद्यापीठांतही तिचा मोठा प्रसार झाला.

खंडशः आलेखनास शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय बेल प्रयोगशाळेतील विल्यम क्लीव्हलंड यांच्याकडे जाते. वक्राच्या चढउतारांतील भेद डोळ्यांस सर्वांत चांगला जाणवण्यासाठी त्याचे रेषाखंड सरासरीने ४५° च्या आसपास कललेले असावेत, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रतिपादन केले. सूर्यडागांची श्रेणी चौकोनी चौकटीत काढल्यास केवळ टोकदार सुळके दिसतात. तीच बसक्या व रुंद चौकटीत काढल्यास डागांची संख्या झपाट्याने वाढते व सावकाश घटते, हे ताबडतोब लक्षात येते. इतकी रुंद चौकट पानावर मावत नसल्याने श्रेणी कापून तिचे तुकडे एकाखाली एक रचावयाचे, ही त्यांची सूचना होती. ‘आर’ भाषेतील ‘लॅटिस’ या आलेखनसंचात हे काम एका आज्ञेने होते. हा संच भारतीय सांख्यिकी संस्थेतील दीपायन सरकार यांनी तयार केला असून त्यावरील त्यांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. किती खंड हवेत व लगतच्या खंडांत किती भाग सामाईक असावा, एवढे सांगितले की पुरते. छपरावरील कौले जशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात, तसे हे खंड असतात. सामाईक भागामुळे खंडाच्या सीमेवर घडलेली घटना दोन तुकड्यांत दुभंगून हरवत नाही.

माळशिरसच्या श्रेणीतील सांधे : सॉफ्टवेअर श्रेणीचे समान तुकडे क्षणार्धात पाडते, परंतु श्रेणीतील नैसर्गिक व प्रशासकीय सांधे त्यास ठाऊक नसतात. माळशिरसचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा तालुका १८७५ मध्ये सातारा जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. सोलापूरच्या कागदपत्रांतून त्याची श्रेणी रचू पाहणाऱ्याची सुरुवात त्यामुळे जवळजवळ १८७६ च्या दुष्काळापासून होते. अशी श्रेणी आरंभी खोल जात असल्याने तिच्या पहिल्या खंडात पाऊस वाढत असल्याचा कल दिसतो. हा कल आकाशातला नसून दप्तराच्या आरंभाचा आहे. याउलट १९७२ च्या अवर्षणापाशी खंड तोडल्यास घसरता कल दिसेल. खंडाचे आरंभबिंदू व अंत्यबिंदू दुष्काळाच्या वर्षांवर येऊ न देणे, किंवा ते बदलून पाहून कल टिकतो की नाही हे तपासणे, आवश्यक असते.

दुसरा सांधा मापनाचा आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात दशमान पद्धती स्वीकारली गेली व पाऊस इंचांऐवजी मिलिमीटरांत नोंदला जाऊ लागला. १ इंच म्हणजे २५·४ मिमी. असल्याने रूपांतर न झालेली काही पाने श्रेणीत राहून गेल्यास तेथे पाऊस एकदम पंचविसाव्या हिश्शावर आल्यासारखा दिसतो. पूर्ण श्रेणीच्या दाट आलेखात अशी चूक खपून जाते. वर्षावर्षाच्या खंडांत ती लगेच उघडी पडते.

तिसरा सांधा सिंचनाचा आहे. भाटघर येथील धरण १९२० च्या दशकात नव्याने मोठे बांधले गेल्यावर नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण, माळशिरस या भागांत खेळू लागले. १९३० च्या दशकात माळीनगर व श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले. तालुक्याच्या उत्तर भागातील उसाचे पीक तेथील पावसावर नव्हे, तर सह्याद्रीतील भाटघरच्या पाणलोटावर अवलंबून राहू लागले. म्हणून पाऊस व पीक यांच्या श्रेणी एकत्र मांडताना कालव्यापूर्वीचा व नंतरचा काळ वेगळे खंड म्हणूनच घ्यावे लागतात, आणि कालव्याच्या पाण्याखालील गावे व कोरडवाहू गावे यांचे आलेखही वेगळे ठेवावे लागतात. तसे न केल्यास तालुक्याची सरासरी समृद्ध दिसते व कोरडवाहू गावांचे अवर्षण तिच्याआड जाते. अवर्षणप्रवण शेतीच्या प्रश्नांसाठी सोलापूर येथे १९३३ मध्येच संशोधन केंद्र स्थापन करावे लागले, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

दोष व पथ्ये : खंडशः आलेखनातील सर्वांत सामान्य चूक वर्षाच्या लांबीसंबंधीची आहे. दैनंदिन श्रेणीचे सरसकट ३६५ दिवसांचे तुकडे पाडल्यास प्रत्येक प्लुत वर्षी एक दिवस सरकतो. १८७५ ते २०२४ या काळात ३७ प्लुत दिवस येतात. त्यामुळे शेवटच्या खंडात ७ जूनचा पाऊस पहिल्या खंडातील १४ जुलैच्या खाली काढला जाईल व पावसाळा दीड शतकात पाच आठवडे उशिरा येऊ लागला, असा धक्कादायक पण सर्वस्वी खोटा निष्कर्ष निघेल. तुकडे मोजून न पाडता तारखेने पाडणे हाच यावर उपाय आहे.

दुसरी चूक मापप्रमाणाची असते. अनेक सॉफ्टवेअर, वेगळी सूचना न दिल्यास, प्रत्येक खंडाचा उभा अक्ष त्या खंडातील महत्तम मूल्यानुसार ताणतात. मग दुष्काळी वर्षातील २० मिमी. ची सर व सुकाळातील १०० मिमी. चा पाऊस सारख्याच उंचीचे दिसतात. सर्व खंडांस एकच मापप्रमाण ठेवणे हा या पद्धतीचा पहिला नियम मानतात. तिसरी चूक गाळलेल्या नोंदींची आहे. कोरा रकाना शून्य म्हणून काढल्यास नोंद नसलेला महिना कोरडा महिना ठरतो. म्हणून तेथे रेषा तोडून जागा रिकामी सोडावी. चौथा धोका चल माध्याचा (सरकत्या सरासरीचा) आहे. निव्वळ यादृच्छिक आकड्यांचेही चल माध्य घेतल्यास त्यांत लाटा उमटतात, हे जी. यू. यूल (१८७१–१९५१) व ई. स्लुत्स्की यांच्या १९२७ मधील अभ्यासांनी दाखवून दिले. त्यामुळे माध्याच्या वक्राशेजारी मूळ निरीक्षणांचे खंड नेहमी ठेवावेत.

महत्त्व : पावसाची तुलना ज्या सरासरीशी करतात, तीही एका खंडाचीच असते. भारताच्या जून ते सप्टेंबर या काळातील पावसाची दीर्घकालीन सरासरी १९६१–२०१० या खंडावरून ८८०·६ मिमी. धरली जात असे. २०२२ मध्ये १९७१–२०२० या खंडावरून ती ८६८·६ मिमी. करण्यात आली. म्हणजे तोच पाऊस नव्या मापाने किंचित अधिक समाधानकारक ठरतो. तालुक्याच्या पातळीवर खंडाच्या निवडीचे परिणाम अधिक तीव्र असतात. समजा, दोन वर्षी प्रत्येकी ५०० मिमी. पाऊस झाला. एका वर्षी तो सोळा आठवड्यांत विभागून पडला; दुसऱ्या वर्षी जूनमधील तीन दिवसांत ३०० मिमी. पडून ऑगस्ट कोरडा गेला व उरलेला पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस आला. वार्षिक आलेखात या दोन वर्षांचे बिंदू एकाच उंचीवर येतील. साप्ताहिक खंडांत मात्र दुसऱ्या वर्षीचे जळालेले खरीप पीक स्पष्ट दिसेल. भारत सरकारने २०१६ मध्ये सुधारलेल्या दुष्काळ व्यवस्थापनाच्या नियमपुस्तिकेत एकूण तुटीबरोबर सलग तीन-चार आठवड्यांच्या पर्जन्यखंडाचाही विचार करण्यात आला आहे, तो याच कारणाने. महाराष्ट्रात महसूल मंडलांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आल्यामुळे तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावरील भारही कमी झाला आहे. मात्र या केंद्रांच्या श्रेणी अद्याप लहान आहेत. त्यांस मामलेदार कचेरीतील जुन्या श्रेणीशी जोडताना सांधा कोठे आहे हे आलेखावर दर्शविणे अगत्याचे आहे.

खंड पाडण्याचा नियम आलेख पाहण्यापूर्वी ठरविणे, तो वाचकास सांगणे, सर्व खंडांस एक मापप्रमाण ठेवणे, सीमांवर थोडा भाग सामाईक ठेवणे आणि स्थान, मापन व सिंचन यांतील बदल खुणेने दाखविणे, एवढी पथ्ये पाळल्यास दीर्घ कालश्रेणीचे खंडशः आलेखन हे अभ्यासाचे विश्वसनीय साधन ठरते. ती न पाळल्यास तेच साधन दुष्काळ निर्माण करू शकते किंवा लपवू शकते. संगणकाने खंड पाडण्याचे श्रम नाहीसे केले आहेत. खंड कोठे पाडावा हे ठरविण्याची जबाबदारी मात्र त्या प्रदेशाचा पाऊस, पीक व दप्तर जाणणाऱ्या अभ्यासकावरच राहते.